गाव त्यांचं, चौकशी आपली : इंग्लंडमधल्या खेड्याचा इतिहास कसा शोधायचा

आमच्या गावात चर्चच्या फाटकाजवळ एक दगडी क्रूस आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या पोरांची नावं त्यावर कोरलेली आहेत. राहायला आल्यावर वर्षभर मी रोज त्याच्या शेजारून बस पकडायला धावत होते, पण एकदाही थांबून नावं वाचली नव्हती. मग एका नोव्हेंबरात, स्मृतिदिनाच्या रविवारी, सगळं गाव तिथं उभं राहिलं म्हणून मीही राहिले. एकेक नाव मोठ्यानं वाचलं जात होतं. एका नावापाशी शेजारच्या आजी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हा माझ्या आईचा मामा. तुमच्याकडे होता, इंडियात. तिथंच तापानं गेला."

इंडिया केवढी मोठी! मी मान डोलावली आणि विसरून गेले. दोन महिन्यांनी कळलं, की हा मुलगा ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होता आणि ऑगस्ट १९१४ मध्ये ती बटालियन अहमदनगरला होती. मी नगरची. भिंगारच्या कँटोन्मेंटमधून सायकल हाणत शाळेत जायचे.

त्या दिवसापासून मला हे वेड लागलं. आता ओळखीची मराठी मंडळी विचारतात, की तू हे शोधलंस कसं? घरून काम करायची सोय झाल्यापासून बरेच जण शहर सोडून खेड्यात घर घेताहेत, आणि घर शंभर-दोनशे वर्षांचं निघालं की आधी इथं कोण राहत होतं हा प्रश्न पडतोच. त्यांच्यासाठी हे लिहितेय. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडची दप्तरं आणि कायदे वेगळे.

आधी प्रश्न लहान करा

"गावाचा इतिहास" हा विषय घेऊन बसलात तर महिन्याभरात कंटाळाल. एक घर घ्या, क्रूसावरचं एक नाव घ्या, नाहीतर मागच्या कुंपणापलीकडचं एक शेत. बाकीचं गाव त्याच्या मागोमाग येतं. मी एका नावाचा माग काढायला गेले आणि बेकरी, शाळा, डुकरं, दोन घराण्यांतलं भांडण असं सगळं हाती लागलं.

मग चाला

गाडीतून नाही, पायी. घरांच्या पाट्या वाचा: द ओल्ड फोर्ज, द ओल्ड बेकरी, द ओल्ड स्कूल हाउस. निम्म्या गावाच्या नावात "ओल्ड" आहे. पूर्वी जिथं काम चालायचं तिथं आता सगळे नुसते राहतात, हा गेल्या शतकाचा इतिहास पाट्यांवरच लिहिलाय. भिंती कशाच्या आहेत ते बघा. आमच्याकडे, चिल्टर्न टेकड्यांत, विटा आणि गारगोटी, कारण जमिनीत तेच सापडतं. गावाच्या नावाचं शेपूटही बोलतं. शेवटी "बाय" असेल तर बहुधा डेन लोकांची वस्ती, "ली" असेल तर जंगलातली मोकळी जागा.

पाणी कुठून यायचं हे मात्र हटकून विचारा. चिल्टर्नचा डोंगर खडूच्या दगडाचा, पाऊस पडला की जिरून खोल जातो. वरच्या वस्त्यांना तळ्यांवर आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर दिवस काढावे लागत. स्टोक रो नावाच्या खेड्यात यासाठी खोदलेली विहीर ३६८ फूट खोल आहे, आणि ती बांधून दिली काशीच्या महाराजांनी! जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होते. आपल्या मुलखातल्या पाण्याच्या हालांची गोष्ट त्यांनी महाराजांच्या कानावर घातली होती. १८६४ मध्ये विहीर सुरू झाली. वर घुमट, आत रहाटावर सोनेरी हत्ती. सायंकाळी तिथल्या बाकावर बसा. आपण नक्की कुठं आहोत, असा क्षणभर गोंधळ होतो.

कागदाआधी माणसं

नवखे लोक इथंच चुकतात. ते आधी वेबसाइटचं सभासदत्व घेतात, तीनशे वर्षं मागं जातात, आणि तोवर समोरच्या घरातल्या आजी गेलेल्या असतात. कागद चारशे वर्षं थांबलेत, अजून दोन वर्षं थांबतील.

ओळख कशी काढायची? व्हिलेज हॉलमध्ये आठवड्याला कॉफीचा कार्यक्रम असतो, तिथं जा. केक घेऊन जा, विकतचा असला तरी चालतो, पण घरच्या नानकटाईला मान जास्त. थेट कुणाच्या दारात उभं राहू नका. दाराच्या फटीतून चिठ्ठी टाका: मी अमुक घरात राहते, तमुक गोष्टीबद्दल कुतूहल आहे, सवड असेल तर भेटूया. आणि पहिल्या नावानं हाक मारायची. आमच्या आजी ब्याण्णव वर्षांच्या. त्यांना नुसत्या नावानं हाक मारताना सहा महिने माझी जीभ अडखळत होती. "मिसेस" लावलं की त्याच रुसायच्या.

प्रश्नांची यादी घेऊन जाऊ नका. "तुमचं बालपण कसं होतं?" असं विचारलं की "छान होतं" एवढंच उत्तर मिळतं आणि चहा निवतो. मी जुना नकाशा घेऊन गेले. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे नकाशे स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात, इंग्लंडचेसुद्धा. मैलाला सहा इंच या मापाचा घ्या, मोठ्या कागदावर छापा आणि टेबलावर पसरा. आजींनी चष्मा लावला, बोट ठेवलं आणि सुरुवात झाली. इथं बेकरी. बेकरची गाडी मंगळवारी, शुक्रवारी यायची. घोड्याला प्रत्येक दार पाठ, बेकर पाव द्यायला आत गेला की घोडा आपला आपण पुढच्या घरापाशी जाऊन उभा. इथं डुकराचा गोठा, तो मारायचा दिवस ठरलेला, आणि शेजाऱ्यांकडे वाटे पोचवायचं काम पोरांचं. १९३९ च्या सप्टेंबरात लंडनहून बाँबच्या भीतीनं पाठवलेली मुलं याच हॉलमध्ये रांगेत बसवली होती, गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि गावातल्या बायका येऊन एकेकाला निवडून नेत होत्या. सगळ्यात शेवटी उरलेल्या दोन भावांना आजींच्या आईनं नेलं. हे सांगताना त्यांचं बोट नकाशावरच होतं, हॉलच्या चौकोनावर.

रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा. फोन टेबलावर थेट ठेवू नका, खाली घडी घातलेला टॉवेल घाला, नाहीतर नंतर नुसती कपबशी ऐकू येते. सुरुवातीला तारीख, जागा आणि दोघांची नावं बोलून घ्या. तासाभराच्या वर नको. सगळ्यात अवघड म्हणजे गप्प बसणं. आपल्याला समोरचा थांबला की वाक्य पुरं करून द्यायची सवय. थांबा. दहा सेकंदांच्या शांततेनंतर जे येतं तेच खरं सांगायचं असतं.

फोटो दाखवले तर घरी नेऊ नका. तिथंच खिडकीच्या उजेडात फोटो काढा, पुढची बाजू आणि मागचीही. मागं कुणीतरी पेन्सिलनं नावं लिहिलेली असतात.

दंतकथाही ऐकाल. इंग्लंडच्या जवळपास प्रत्येक खेड्यात चर्चपासून पबपर्यंत भुयार असतं, सतराव्या शतकातल्या यादवीतला सेनापती क्रॉमवेल, त्यानं चर्चमध्ये घोडे बांधलेले असतात, आणि घराच्या तुळया जुन्या जहाजाच्या असतात. समुद्र आमच्यापासून साठ-सत्तर मैल आहे आणि घराभोवती जंगल. बैलगाडीनं जहाजाची लाकडं इथं कोण आणील? तरी तोंडावर खोडून काढू नका. लिहून घ्या, आणि कुणी सांगितलं तेही लिहा.

तुमचं गाव कागदावर कुठल्या पॅरिशमध्ये आहे?

हे न तपासता मी तीन शनिवार वाया घालवले. पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द, आणि जुनी दप्तरं गावाप्रमाणे नाही, पॅरिशप्रमाणे लावलेली असतात. चिल्टर्नमधल्या जुन्या पॅरिश लांबट, पट्ट्यासारख्या. खालच्या सपाटीपासून वर जंगलापर्यंत, म्हणजे प्रत्येकाला शेत, कुरण, सरपण सगळं मिळावं. त्यामुळे टेकडीवरच्या वाडीतल्या बाळाचा बाप्तिस्मा पाच मैल खालच्या चर्चमध्ये नोंदलेला सापडतो. काउंटींच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, सीमाही १९७४ मध्ये बदलल्या. अ‍ॅबिंग्डन आज ऑक्सफर्डशायरमध्ये आहे, पण जुने कागद बघायला रेडिंगला जावं लागतं, कारण तेव्हा ते बर्कशायरमध्ये होतं.

आजपासून मागं

उलट्या दिशेनं चला. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजानं करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, गावाचं नाव सापडलं की छाती फुगते, पण तिथून पुढं यायला वाट नसते.

पहिला थांबा १९३९ चं रजिस्टर. २९ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध सुरू झाल्यावर ओळखपत्रांसाठी घरोघर नोंद झाली. घर, माणसं, जन्मतारीख, धंदा. जिवंत असण्याची शक्यता असलेल्यांच्या ओळी झाकलेल्या असतात. मुलींच्या नावावर नंतर लग्नाचं आडनाव वेगळ्या शाईत चढवलेलं दिसतं. हे रजिस्टर मोलाचं, कारण १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ ची जनगणना झालीच नाही.

त्यामागं १९२१ ची जनगणना, ती शंभर वर्षं पुरी झाल्यावर २०२२ मध्ये उघडली. मग १९११, आणि तिथं जरा रेंगाळा. त्या वर्षीपासून घरच्या माणसानं स्वतः भरलेला कागद जपलेला आहे, त्याच्या अक्षरात. शिवाय विवाहित बाईपुढे तीन रकाने: किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात, किती गेली. माझ्या सैनिकाच्या आईपुढे ९, ६, ३ लिहिलं होतं. तो स्वतः पंधरा वर्षांचा, धंदा शेतावर घोडेवाल्याच्या हाताखालचा पोऱ्या. खोल्या चार. आठ माणसं.

दर दहा वर्षांनी मागं जात १८४१ पर्यंत नावं मिळतात. १८५१ पासून जन्मगाव लिहिलंय, ते सोन्यासारखं. १८४१ मध्ये मोठ्यांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली आणलेली, म्हणजे ३९ चा माणूस ३५ दिसतो. मी एका बाईला तिच्या मुलाची बहीण ठरवलं होतं त्यापायी. "एजी लॅब" असं पानभर दिसलं तर घाबरू नका, ते शेतमजूर. आमच्या बाजूला खुर्च्यांचे पाय कातणारेही भरपूर. बीचच्या जंगलात बसून पाय कातायचे आणि हाय विकमच्या कारखान्यांना विकायचे.

जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून. सरकारी सूची ऑनलाइन फुकट बघता येते आणि तिच्यात जन्मनोंदीपुढे आईचं माहेरचं आडनाव दिसतं, म्हणून दाखल्याचे पैसे भरण्याआधी ती बघाच.

१८३७ च्या मागं चर्चची रजिस्टरं. १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलनं ती ठेवायचा हुकूम काढला (घोडे बांधणारा तो ऑलिव्हर, हा वेगळा). सगळ्या गावांची तेव्हापासूनची टिकलेली नाहीत, आणि सतराव्या शतकातल्या यादवीच्या काळात मोठी भगदाडं आहेत. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीवर नवरा-नवरीची सही किंवा फुलीची खूण लागते. १८१३ पासून छापील नमुना, त्यात बापाचा धंदाही. एक खाचखळगा: १७५२ च्या आधी इथलं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे डिसेंबर १७२० मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७२० मध्ये बाळ गेल्याची नोंद दिसली तर गडबडू नका. तो फेब्रुवारी डिसेंबरनंतरचा आहे, आपल्या हिशेबानं १७२१ चा.

आणखी एक. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची रीत होती. एकाच घरात दोन जॉन दिसले तर दफनाचं रजिस्टर बघेपर्यंत पुढं जाऊ नका. इंटरनेटवरच्या तयार वंशावळींत मेलेल्या जॉनची लग्नं लावून दिलेली मी पाहिली आहेत.

शेतांचा सातबारा

घर किंवा जमीन शोधत असाल तर सगळ्यात सुंदर कागद म्हणजे टाइद नकाशा. पूर्वी शेतमालाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे, धान्याच्या पेंढ्या, डुकराची पिल्लं, अंडीसुद्धा. १८३६ च्या कायद्यानं त्याची रक्कम ठरवायचं ठरलं आणि त्यासाठी हजारो गावांची मोजणी झाली. नकाशावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि सोबतच्या यादीत मालक, कसणारा, शेताचं नाव, पीक आणि क्षेत्र. आपल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, सातबारा वाचता येतो त्याला हे वाचता येतं.

क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये असतं. एका एकरात चार रूड, एका रूडात चाळीस पर्च. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. तो बरोबर चार पर्च भरतो, एका इंचाचाही फरक नाही. म्हणून मी रूड दिसला की दहा गुंठे म्हणते आणि पुढं सरकते.

शेतांची नावं वाचून हसू येतं. टीचभर तुकड्याला "हंड्रेड एकर्स", गावापासून लांबच्या रानाला "बॉटनी बे", कारण कैद्यांना ऑस्ट्रेलियात धाडत ती जागा म्हणजे लांबपणाची हद्द. आमच्या मागच्या नव्या घरांच्या गल्लीला बिल्डरनं फुलाचं नाव दिलंय. यादीत त्या जागेचं नाव उपाशी राहण्यावरून पडलेलं होतं. विकताना ते चाललं नसतं, हे खरं.

रेकॉर्ड ऑफिसचा एक दिवस

प्रत्येक काउंटीचं असतं. ऑक्सफर्डशायरचं काउलीला, एका जुन्या चर्चमध्येच आहे. आधी वेळ ठरवा, ओळखपत्र न्या, पिशवी लॉकरमध्ये, पेन बंदी, फक्त पेन्सिल. जुनी वही फोमच्या उशीवर ठेवून, शिसं भरलेल्या लांब कापडी सापानं पान दाबून वाचायची. काउंटरवरच्या माणसाला प्रश्न सांगा. तुम्हाला न सुचलेलं काहीतरी ते आणून देतात.

मला आणून दिली शाळेची लॉगबुकं. १८६० च्या दशकापासून हेडमास्तरांना रोजनिशी ठेवावी लागे. मुलं का आली नाहीत, याचाच तो ग्रंथ आहे: कापणी, बटाटे, गोवर, बर्फ, बूट नाहीत. १९१७ मध्ये घोड-चेस्टनटची फळं वेचायला देशभर शाळांतली पोरं लावली होती, दारूगोळ्याला लागणारं अ‍ॅसिटोन काढायचं म्हणून. विमेन्स इन्स्टिट्यूट या गावोगावच्या महिला मंडळाच्या बायकांनी १९६५ मध्ये, सुवर्णमहोत्सवानिमित्त, गावोगावच्या चोपड्या केल्या होत्या. आपल्या गावाची असेल तर सोडू नका: किमती, पाककृती, पडद्याच्या कापडाचे तुकडेसुद्धा चिकटवलेले असतात.

कबरींबद्दल थोडक्यात. अक्षरं पुसट असतील तर सकाळच्या तिरप्या उन्हात जा किंवा बाजूनं बॅटरी धरा. ब्रश, साबण, खडू काही लावू नका. गरिबांच्या कबरींवर दगड नसतो, म्हणून दगड नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही. आणि चर्चच्या आतल्या भिंती वाचा. पुणे, सातारा, खडकी ही नावं भलत्या ठिकाणी भेटतात. सरीमधल्या लिम्प्सफील्ड या खेड्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुरलेला आहे. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्याचा रेसिडेंट, नंतर मुंबईचा गव्हर्नर. १८५९ मध्ये तिथंच वारला.

क्रूसावरचं नाव

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाका. पलटण, बटालियन, तारीख आणि कबर किंवा स्मारक कुठं ते मिळतं. व्यक्तिगत सैनिकी कागद मिळतीलच असं नाही, पहिल्या महायुद्धातले निम्म्याहून अधिक सप्टेंबर १९४० च्या बाँबफेकीत जळाले. पण बटालियन कळली की तिची रोजनिशी क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये वाचता येते.

माझ्या सैनिकाचं नाव बसरा मेमोरियलवर निघालं, म्हणजे कबर नाही. पहिली बटालियन सहाव्या, पूना डिव्हिजनची. १९१४ च्या अखेरीस नगरहून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली, तिग्रिस नदीच्या काठानं वर सरकत राहिली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली, तिथं तो पडला. मागं हटलेली बटालियन कूट गावात अडकली, १४७ दिवस वेढा, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. कैद झालेल्या गोऱ्या शिपायांतले अर्ध्याहून जास्त परतले नाहीत.

म्हणजे तो इंडियात तापानं गेला नव्हता. हे आजींना सांगायचं की नाही यावर मी आठवडाभर घुटमळले. असं काही सापडलं, अनौरस जन्म, वर्कहाउस (गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणारं घर), आत्महत्या, तर माझा नियम: आधी विचारायचं, "कागदात वेगळं दिसतंय, ऐकायचंय का?" आजी म्हणाल्या, हो. सगळं ऐकून आत गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात एकच कार्ड होतं, नगरच्या टपालाच्या शिक्क्याचं. घरी आलेलं हे शेवटचं. त्याच्या आईसाठी तो शेवटपर्यंत इंडियातच राहिला होता, आणि ताप कुणीतरी मागून जोडला. कार्डावर चिखल आणि पाऊस याबद्दल दोन ओळी, आणि डुकराचं काय झालं ही चौकशी.

आजींची आठवण आणि कमिशनची नोंद मी दोन्ही शेजारीशेजारी लिहून ठेवल्या. एकीनं दुसरी खोडली नाही.

परत देणं

प्रत्येक फाइलला तारीख, जागा, कुणाकडून मिळालं हे नावातच घाला. लेखी परवानगी घेऊन रेकॉर्डिंगची प्रत काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसला द्या. तुमच्या लॅपटॉपचा भरवसा नाही. हयात माणसांची नावं आणि पत्ते ऑनलाइन टाकू नका. आणि ज्यांनी सांगितलं त्यांना पहिली छापील प्रत, मोठ्या अक्षरात.

मी बारा पानं छापून आजींच्या दारातून आत सरकवली. चार दिवसांनी ती माझ्या दारातून परत आली. टेसिफॉनच्या पानावर काही नव्हतं. तिसऱ्या पानावर, बेकरच्या गाडीच्या परिच्छेदात, पेन्सिलनं एक शब्द खोडून वर लिहिलं होतं, की मंगळवार नाही, बुधवार.